जैवभार ऊर्जा व भूऔष्णिक ऊर्जा

जैवभार ऊर्जा आणि भूऔष्णिक ऊर्जा हे नूतनक्षम ऊर्जेचे दोन प्रकार होत. वनस्पती, पिकांचे अवशेष, शेण व इतर सेंद्रिय पदार्थ यांपासून मिळते ती जैवभार ऊर्जा. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेपासून मिळते ती भूऔष्णिक ऊर्जा. पहिलीचे मूळ सूर्यात आहे, दुसरीचे भूगर्भात. सौर व पवन ऊर्जेप्रमाणे या दोन्ही ऊर्जा दिवस-रात्र किंवा वाऱ्याची दिशा यांवर अवलंबून नसतात. इंधन किंवा उष्ण पाणी हाताशी असेल तर हवी तेव्हा वीज किंवा उष्णता मिळू शकते, हे त्यांचे समान वैशिष्ट्य आहे.

महाराष्ट्रात या दोन स्रोतांची वाटणी अत्यंत विषम आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस, विशेषतः ऊस पिकविणाऱ्या पट्ट्यात, जैवभार विपुल आहे. उष्णोदकाचे झरे मात्र मुख्यतः सह्याद्रीच्या पश्चिमेस, कोकणात आहेत. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील बेल्हे आणि त्याच्या आसपासचा जुन्नर–आंबेगाव परिसर हे पहिल्या प्रकाराचे चांगले उदाहरण आहे. कोणत्याही ठिकाणी या स्रोतांची उपयुक्तता ठरविताना दोन प्रश्न विचारावे लागतात: जे घेतले जाते ते किती वेगाने भरून येते, आणि मिळणारी उष्णता किती तापमानाची आहे. प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांच्या आधारे दोन्ही स्रोतांचे विवेचन केले आहे.

संज्ञा

'जैवभार' म्हणजे सजीवांपासून निर्माण झालेले द्रव्य. व्यवहारात 'बायोमास' हाच शब्द अधिक रूढ आहे. सरपण, गोवऱ्या, उसाची चिपाडे व पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, भाताचा तूस, स्वयंपाकघरातील खरकटे, मैला या सर्वांचा त्यात समावेश होतो. दगडी कोळसा व खनिज तेल हीदेखील मुळात सजीवांपासूनच बनली. परंतु त्यांच्या निर्मितीस कोट्यवधी वर्षे लागली असल्याने त्यांची गणना जैवभारात करीत नाहीत.

'भूऔष्णिक' हा शब्द भू आणि उष्ण यांपासून साधलेला आहे. 'भूतापीय' असाही पर्याय आढळतो. ही कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. संस्कृत 'उष्ण' शब्दापासून प्राकृतात 'उण्ह' आणि पुढे मराठीत 'ऊन' झाले. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. रायगड जिल्ह्यातील पालीजवळचे उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर या सर्व ठिकाणी उष्णोदकाचे झरे आहेत आणि सर्वांच्या नावांत हा 'ऊन' शब्द आहे. भूवैज्ञानिकांनी नकाशे तयार करण्याच्या फार पूर्वी लोकांनी या जागा गावांच्या नावांतून नोंदवून ठेवल्या होत्या.

नूतनक्षमतेची अट

एखादा स्रोत 'नूतनक्षम' आहे असे म्हणताना एक अट गृहीत धरलेली असते. जितके काढले तितके ठरावीक काळात पुन्हा भरले पाहिजे. झाड तोडून त्याच्या जागी झाड वाढू दिले, तर जळताना सुटलेला कार्बन डायॉक्साइड नवे झाड प्रकाशसंश्लेषणाद्वारे पुन्हा शोषून घेते. झाडे तोडण्याचा वेग वाढीच्या वेगापेक्षा अधिक झाला, तर तेच सरपण नूतनक्षम राहत नाही. डोंगर उघडा पडतो, आणि हवेत गेलेला कार्बन हवेतच राहतो.

भूऔष्णिक ऊर्जेलाही हीच अट लागू आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 'गायझर्स' या क्षेत्रात १९६० पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती होत आहे. तेथे जमिनीखालची वाफ इतक्या वेगाने काढली गेली की १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचा दाब घटू लागला. खडकात उष्णता होती, परंतु ती वर आणणारे पाणी संपत चालले होते. पुढे नजीकच्या शहरांतील प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांवाटे आणून जमिनीत सोडण्यात आले आणि निर्मिती सावरली. पुनर्भरण केले तरच स्रोत टिकतो, हा धडा विहिरी आणि विंधनविहिरींच्या अनुभवातून गेलेल्या महाराष्ट्रातील वाचकास अपरिचित वाटणार नाही.

जैवभार ऊर्जा

पारंपरिक इंधन व धूर

चूल हे जैवभाराच्या वापराचे सर्वांत जुने साधन आहे. तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीत लाकडातील ऊर्जेचा अगदी थोडा भाग भांड्यापर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता वाया जाते आणि अर्धवट ज्वलनामुळे धूर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. चुलीपाशी अधिक काळ बसणाऱ्या स्त्रिया व त्यांच्याजवळची लहान मुले यांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो. त्यामुळे एखादे इंधन नूतनक्षम आहे एवढ्यावरून ते निरुपद्रवी आहे असे ठरत नाही. ते कोणत्या साधनात जाळले जाते, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

गोबर गॅस

शेण, मैला किंवा खरकटे हवाबंद टाकीत ठेवल्यास ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू त्याचे विघटन करतात आणि ज्वलनशील वायू तयार होतो. त्यात साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला भाग मुख्यतः कार्बन डायॉक्साइड असतो. भारतातील याच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक मुंबईत झाला. माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू मिळवून तो प्रकाशासाठी वापरण्यात आला.

विसाव्या शतकाच्या मध्यास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र विकसित केले. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून त्याचा प्रसार केला. या संयंत्रात विटांच्या खड्ड्यावर पोलादी टोपी उपडी ठेवलेली असते. वायू साठला की ती वर उचलली जाते. टोपी गंजते आणि तिला वारंवार रंग द्यावा लागतो, ही त्यातील अडचण होय. पुढे १९७८ मध्ये स्थिर घुमटाचे 'जनता' आणि १९८४ मध्ये कमी खर्चाचे 'दीनबंधू' हे नमुने आले. त्यांत हलणारा धातूचा भाग नसतो.

साधारणपणे २५ किलोग्रॅम ताज्या शेणापासून एक घनमीटर वायू मिळतो. चार-पाच माणसांच्या स्वयंपाकास दोन घनमीटर वायू लागतो. त्यासाठी रोज सुमारे ५० किलोग्रॅम शेण, म्हणजेच दावणीला चार-पाच मोठी जनावरे हवीत. या दोन घनमीटर वायूवर इंजिन चालवून वीज केली तर सुमारे ३ युनिट वीज मिळते. तोच वायू शेगडीत जाळला तर भांड्याला सुमारे ६ युनिटांएवढी उष्णता मिळते. म्हणून लहान संयंत्राचा वायू विजेपेक्षा स्वयंपाकासाठी वापरणे अधिक किफायतशीर ठरते.

गोवरी जाळली की शेणातील नत्र व सेंद्रिय द्रव्य नष्ट होते. संयंत्रातून मात्र वायू काढून घेतल्यानंतरही उत्तम खत शिल्लक राहते आणि ते शेतात परत जाते. एकाच शेणापासून इंधन व खत दोन्ही मिळणे हे या पद्धतीचे खरे बळ आहे.

पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. सु. वि. मापुसकर यांनी ग्रामस्वच्छतेच्या कामाला या तंत्राची जोड दिली. शौचालयाला जोडलेले 'मलप्रभा' हे बायोगॅस संयंत्र त्यांनी विकसित केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ओल्या कचऱ्यासाठी 'निसर्गऋण' हे संयंत्र विकसित केले. पुण्याच्या 'आरती', अर्थात समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली खरकट्यावर चालणारे आटोपशीर घरगुती संयंत्र तयार केले. या संस्थेला २००२ मध्ये उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी आणि २००६ मध्ये या संयंत्रासाठी ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

ऊस, बगॅस व सहवीजनिर्मिती

महाराष्ट्रातील जैवभारजन्य विजेचा सर्वांत मोठा वाटा साखर कारखान्यांचा आहे. उसाचा रस काढल्यावर उरलेल्या चोथ्यास बगॅस म्हणतात. गुऱ्हाळात त्यालाच चिपाडे म्हणतात. एक टन उसापासून २८० ते ३०० किलोग्रॅम ओला बगॅस निघतो आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग पाणी असतो. तरीही एक टन उसाच्या बगॅसमध्ये सुमारे ७०० युनिटांएवढी उष्णता असते. कारखान्यास रस तापविण्यासाठी व आटविण्यासाठी वाफ लागते, आणि यंत्रे चालविण्यासाठी वीज लागते. बगॅस जाळून उच्च दाबाची वाफ केली, ती प्रथम टर्बाइनमधून नेली आणि तेथून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ रस आटविण्यास वापरली, तर एकाच इंधनात दोन कामे होतात. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात.

साखर कारखाने पूर्वीपासून स्वतःपुरती वीज करीत असत, परंतु त्यांचे बॉयलर कमी दाबाचे होते. बगॅसची विल्हेवाट लावणे हाच एक प्रश्न असल्याने तो काटकसरीने जाळण्याची गरज भासत नव्हती. १९९० च्या दशकापासून केंद्र सरकारने सहवीजनिर्मितीस उत्तेजन दिले. उच्च दाबाचे बॉयलर बसविल्यावर त्याच बगॅसपासून गरजेपेक्षा अधिक वीज मिळू लागली आणि ती राज्याच्या वीजजाळ्यास विकता येऊ लागली. महाराष्ट्रात या कामाचे समन्वयन महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच 'महाऊर्जा', ही पुण्यातील संस्था करते. ऊस व साखर तंत्राच्या संशोधनासाठी पुण्याजवळ मांजरी येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. देशातील जैवभाराधारित वीजक्षमता १० गिगावॉटहून अधिक असून तीत महाराष्ट्र आघाडीच्या राज्यांपैकी एक आहे.

या विजेचा हंगाम गाळपाशी बांधलेला असतो. साधारणपणे दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ऊस संपतो. अवर्षणाच्या वर्षी ऊस कमी, म्हणून वीजही कमी. जलविद्युत निर्मितीप्रमाणेच ही वीजही अखेर पावसावरच अवलंबून आहे.

मळीपासून मिळणारे इथेनॉल हे उसाचे आणखी एक ऊर्जारूप आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे २००१ मधील प्रायोगिक प्रकल्प ज्या ठिकाणी झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड यांचा समावेश होता.

वायुकरण

सुका जैवभार मर्यादित हवेत तापविला तर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजनयुक्त ज्वलनशील वायू मिळतो. या क्रियेस वायुकरण म्हणतात. या वायूवर भट्टी किंवा इंजिन चालविता येते. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाचे पाचट व बगॅस यांसारख्या हलक्या, विस्कळीत इंधनावर चालणारी वायुकरण यंत्रणा विकसित केली. असे इंधन गोळा करणे, साठविणे व सारख्या गतीने भट्टीत सोडणे हाच या तंत्रातील अवघड भाग असतो.

'शिल्लक' जैवभाराचा प्रश्न

जैवभाराच्या अंदाजपत्रकांत पिकांचे अवशेष 'शिल्लक' म्हणून धरले जातात. प्रत्यक्ष शेतात फारसे काही शिल्लक नसते. ज्वारीचा कडबा आणि बाजरीचे सरमाड हा जनावरांचा चारा आहे. तुराट्या व पऱ्हाट्या गरिबांच्या चुलीत जातात. शेण खतासाठी लागते. हे पदार्थ वीजप्रकल्पाने विकत घेतले की त्यांना भाव येतो. शेतकऱ्यास दोन पैसे मिळतात, आणि जो ते पूर्वी फुकट वापरत होता त्याचे सरपण जाते. केवळ जैवभारावर उभारलेल्या अनेक वीजप्रकल्पांना इंधनाची टंचाई व चढे भाव यांमुळे अडचणी आल्या, त्याचे कारण हेच आहे.

उसाचे पाचट हे याचे बोलके उदाहरण आहे. तोडणीनंतर एका हेक्टरात सुमारे ८ ते १० टन पाचट राहते. बहुधा ते शेतातच पेटवून दिले जाते. त्यातून ना वीज मिळते ना खत. मिळतो तो धूर. ते पाचट इंधन म्हणून वापरता येते, तसेच सरीत आच्छादन म्हणून ठेवून कुजविताही येते. आच्छादनामुळे ओलावा टिकतो, तण कमी होते आणि जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो. ज्या जमिनीत कर्ब आधीच घटला आहे तेथील सर्व पाचट उचलून नेणे म्हणजे पुढच्या पिकाच्या भांडवलाला हात घालणे होय. म्हणून पाचट जाळणे थांबले पाहिजे याबद्दल दुमत नसले, तरी त्याचा किती भाग इंधनाला द्यावा याचे उत्तर जमिनीगणिक बदलते.

उसामागे पाण्याचाही हिशेब आहे. केंद्रीय कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात, महाराष्ट्रातील पिकाखालील सुमारे ४ टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असा अंदाज दिलेला आहे. बगॅस हे उपउत्पादन असल्याने सगळे पाणी विजेच्या खात्यावर मांडणे योग्य होणार नाही. तथापि, बगॅसची वीज वाढावी म्हणून ऊस वाढविणे हेही नूतनक्षमतेच्या तत्त्वाशी सुसंगत ठरणार नाही.

भूऔष्णिक ऊर्जा

तत्त्व व जागतिक इतिहास

पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे. तिचा काही भाग पृथ्वीच्या निर्मितीपासूनचा आहे आणि काही भाग युरेनियम, थोरियम, पोटॅशियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयातून सतत निर्माण होतो. सामान्य भूभागात खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते. ज्वालामुखी किंवा भूपट्टांच्या कडा जवळ असतील तेथे ही वाढ कितीतरी अधिक असते.

इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर यंत्र चालवून विजेचे पाच दिवे पेटविण्यात आले. तेथेच १९१३ मध्ये २५० किलोवॉटचे वीजकेंद्र सुरू झाले. न्यूझीलंडमधील वैराकेई केंद्राची वीज १९५८ पासून मिळू लागली. आज अमेरिका, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तुर्कस्तान व न्यूझीलंड हे या क्षेत्रातील प्रमुख देश आहेत. आइसलँडमधील बहुतेक घरे भूगर्भातील उष्ण पाण्याने उबदार ठेवली जातात.

वीजनिर्मितीच्या तीन पद्धती आहेत. जमिनीतून कोरडी वाफ मिळाल्यास ती थेट टर्बाइनला देतात. अतितप्त पाणी मिळाल्यास दाब कमी करून त्याची वाफ करतात. पाणी त्याहून कमी तापलेले असल्यास त्याची उष्णता कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला देतात आणि त्या द्रवाच्या वाफेवर टर्बाइन फिरवितात. या तिसऱ्या पद्धतीस द्विद्रव पद्धत म्हणतात.

दख्खनचा कातळ

सह्याद्री व दख्खनचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनले आहे, हे शालेय भूगोलात शिकविले जाते. त्यावरून जुन्नर किंवा आंबेगावच्या खडकाखाली भरपूर उष्णता असेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बरोबर नाही. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून तो केव्हाच निवाला आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विंधनछिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली पुरातन ग्रॅनाइटसदृश खडक लागला. लाव्हारसाचा जिवंत साठा महाराष्ट्राखाली नाही.

जुन्नर तालुक्यातच याची एक उद्बोधक खूण आहे. बेल्ह्याच्या परिसरातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळतो आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारेही सापडली आहेत. ही राख सह्याद्रीची नव्हे; ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा या ज्वालामुखीची आहे, असे अभ्यासक मानतात. ती टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून जुन्या स्फोटाची, याबद्दल मतभेद आहेत. टोबा सरोवराच्या दक्षिणेस सारुल्ला येथे आज ३३० मेगावॉट क्षमतेचे भूऔष्णिक वीजकेंद्र चालते. ज्या प्रदेशातून कुकडीकाठी राख आली तेथे भूगर्भ अजून तप्त आहे. कुकडीकाठचा कातळ मात्र थंड आहे.

कोकणातील उष्णोदके

महाराष्ट्रातील उष्णोदकांची मुख्य रांग पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सह्याद्री व समुद्र यांच्या मधल्या पट्टीत पसरली आहे. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या परिसरातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, रायगडमधील उन्हेरे व महाडजवळचे सव, रत्नागिरीतील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी व उन्हाळे ही त्यांतील परिचित नावे आहेत. पाण्याचे तापमान साधारणपणे ३५ ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. बहुतेक ठिकाणी कुंडे बांधलेली असून त्यांच्याशी देवस्थाने निगडित आहेत. त्वचारोग व संधिवात यांवर गुण येतो या श्रद्धेने लोक तेथे स्नानास जातात.

हे पाणी मुळात पावसाचे आहे. ते भेगांतून खोल झिरपते, तेथील खडकाच्या उष्णतेने तापते आणि प्रस्तरभंगांच्या वाटेने पुन्हा वर येते. पश्चिम किनाऱ्यालगत असे प्रस्तरभंग पुष्कळ आहेत; म्हणून झरे एका रांगेत आढळतात. केंद्र सरकारने १९६६ मध्ये उष्णोदकांच्या अभ्यासासाठी समिती नेमली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील तीनशेहून अधिक झऱ्यांची नोंद केली. पश्चिम किनाऱ्यावरील झऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांत मुंबईच्या आयआयटीतील भूवैज्ञानिक डी. चंद्रशेखरम यांचे नाव प्रमुख आहे.

वीज की उष्णता?

कोकणातील ७० अंशांच्या पाण्यावर वीज करता येईल काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकेतील अलास्का राज्यातील चेना येथे २००६ पासून सुमारे ७४ अंशांच्या पाण्यावर द्विद्रव पद्धतीने वीजनिर्मिती होत आहे, हे उदाहरण त्यासाठी पुढे केले जाते. परंतु उष्णतायंत्राची शक्ती केवळ उष्ण टोकाच्या तापमानावर ठरत नाही. उष्ण व थंड टोकांतील फरकावर ठरते. चेना येथे थंड करण्यासाठी सुमारे ४ अंशांचे पाणी उपलब्ध आहे. तेथील कमाल सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे २० टक्के येते. कोकणात नदी-विहिरीचे पाणी ३० अंशांच्या आसपास धरले, तर ७० अंशांच्या झऱ्यापासून हीच मर्यादा १२ टक्क्यांच्या खाली येते. प्रत्यक्षात तिच्या निम्मी कार्यक्षमता मिळणेही कठीण असते, आणि त्यातून पंपांची वीज वजा करावी लागते.

अधिक खोल विंधन केल्यास अधिक तप्त पाणी मिळू शकते, पण त्याचा खर्च मोठा असतो आणि पुरेसे पाणी मिळेल याची खात्री नसते. उलटपक्षी, ६० ते ७० अंशांचे पाणी उष्णता म्हणून थेट वापरण्यास उत्तम असते. मासळी, आमसुले, आंब्याच्या फोडी, काजू वाळविणे यांसारख्या कामांना याहून अधिक तापमानाची फारशी गरज नसते. कोकणात पावसाळा दीर्घ असल्याने उन्हात वाळवण घालण्याचे दिवस मोजके असतात. तेथे असा उपयोग विजेपेक्षा अधिक लाभदायक ठरू शकतो. मात्र विंधनामुळे मूळ झऱ्याचा प्रवाह घटणार नाही याची काळजी घ्यावी लागते. झरा आटला तर ऊर्जेबरोबर देवस्थान आणि गावाची ओळखही जाते. वापरलेले खारट पाणी नदीत न सोडता पुन्हा जमिनीत घालणे हेही आवश्यक असते.

भारतातील स्थिती

भारतातील भूऔष्णिक विजेची सर्वाधिक आशा लडाखमधील पुगा खोऱ्याकडून आहे. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंचीवरील या खोऱ्यात भूपट्टांच्या टकरीच्या क्षेत्रामुळे भूगर्भ तप्त आहे आणि थंड हवा मुबलक आहे. तेथे एक मेगावॉटच्या प्रायोगिक केंद्रासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राने लडाख प्रशासनाबरोबर करार केला. हिमाचल प्रदेशातील मणिकरण आणि छत्तीसगडमधील तत्तापानी ही इतर अभ्यासलेली क्षेत्रे होत. केंद्र सरकारने २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. त्यात विजेबरोबरच उष्णतेच्या थेट वापरालाही स्थान आहे.

जुन्नर–आंबेगाव परिसर

बेल्हे हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर वसलेले बाजाराचे गाव आहे. तेथील सोमवारचा आठवडे बाजार व बैलबाजार प्रसिद्ध आहे. तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या पावसाचा, तर पूर्व भाग पर्जन्यछायेचा आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व आंबेगावातील डिंभे या धरणांमुळे कालव्याखालच्या गावांत बाजरी-ज्वारीबरोबर ऊस, कांदा व भाजीपाला आला. जेथे कालवा पोहोचत नाही त्या आणे पठारासारख्या भागात कोरडवाहू शेतीच प्रमुख राहिली. जैवभाराची उपलब्धताही याच रेषेने विभागली गेली आहे.

या परिसरात दोन सहकारी साखर कारखाने आहेत. जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगर येथे विघ्नहर सहकारी साखर कारखाना आणि आंबेगाव तालुक्यात पारगाव येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना. दोन्ही ठिकाणी बगॅसवर सहवीजनिर्मिती होते. सहकारी कारखान्यात ऊस देणारा शेतकरी सभासद असतो. विजेचे उत्पन्न उसाच्या दरात कितपत उतरते हा त्याच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. वाढलेल्या ऊसक्षेत्राचा एक अनपेक्षित परिणामही येथे दिसतो. उंच, दाट उसात बिबट्यांना आसरा मिळाला असून मानव–बिबट्या संघर्षासाठी हा परिसर ओळखला जातो.

बैलांची संख्या ट्रॅक्टरमुळे घटत गेली, तरी दुधाच्या धंद्यामुळे गायी-म्हशी गोठ्यात आहेत. त्यामुळे घरगुती गोबर गॅसला येथे अजूनही आधार आहे. संयंत्र बंद पडण्याची कारणे बहुधा साधी असतात: जनावरे कमी होणे, शेण कालविण्यास माणूस नसणे, टोपी गंजणे, पाण्याची टंचाई. संयंत्र बांधण्यास अनुदान मिळते, पण ते चालते ते रोजच्या पाटीभर शेणावर.

भूऔष्णिक विजेला या परिसरात वाव नाही. जमिनीच्या स्थिर तापमानाचा उपयोग मात्र सर्वत्र होऊ शकतो. काही मीटर खोलीवर तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. तळघर व धान्य साठविण्याचे बळद यांमागे हेच तत्त्व होते. भूउष्णता पंप याच तत्त्वावर इमारती थंड किंवा उबदार ठेवतो. त्याला वीज लागते, परंतु नेहमीच्या वातानुकूलनापेक्षा कमी.

तुलना

जैवभार गोळा करावा लागतो, वाहून आणावा लागतो, साठवावा लागतो. म्हणून त्याचा लाभ आसपासच्या गावांत मजुरी व उत्पन्नाच्या रूपाने वाटला जातो, आणि खर्चही वर्षानुवर्षे चालू राहतो. भूऔष्णिक केंद्रास इंधन विकत घ्यावे लागत नाही. बहुतेक खर्च आरंभीच्या विंधनात होतो, आणि विहीर निष्फळ ठरल्यास तो बुडतो. जैवभार जवळजवळ प्रत्येक तालुक्यात थोडाफार असतो. वीज देण्याइतकी भूउष्णता मोजक्याच ठिकाणी असते. जैवभाराच्या ज्वलनातून धूर व राख निर्माण होते, त्यामुळे गाळणयंत्रणा लागते. भूऔष्णिक पाण्याबरोबर क्षार व वायू येतात, त्यामुळे पुनर्भरण लागते.

दोन्ही स्रोतांत कमी तापमानाची उष्णता उष्णता म्हणूनच वापरणे श्रेयस्कर ठरते, आणि दोन्ही स्रोत पुनर्भरणाविना क्षीण होतात. शेणाची मळी शेतात परत गेली, पाचटाचा वाटा जमिनीला मिळाला, उष्ण पाणी पुन्हा भूगर्भात गेले, तरच या ऊर्जांना नूतनक्षम हे विशेषण शोभते.